थॅलियमच्या ८१ इलेक्ट्रॉनांचा हिशेब

अणूत जितका धन भार, तितकाच ऋण. पण दोन्हींचे मध्य तंतोतंत एकाच जागी असतात का? ते किंचित सरकलेले असतील तर त्याला इलेक्ट्रिक डायपोल मोमेंट म्हणतात, थोडक्यात ईडीएम. अणूचा असा कायमचा ईडीएम अजून कोणालाच सापडलेला नाही. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाने पाऱ्याच्या अणूंवर केलेल्या प्रयोगानुसार (२०१६) तो असलाच, तर इलेक्ट्रॉनचा भार गुणिले सेंटिमीटर या एककात दशांशचिन्हापुढे २९ शून्यं आणि मग ७४, याहून लहान आहे.

एवढा खटाटोप कशाला? काळ उलटा फिरवला तर अणूची गिरकी उलटते, सरकलेला भार मात्र तिथेच राहतो. म्हणून ईडीएम सापडला, तर निसर्ग काळाच्या दोन दिशांना सारखं वागवत नाही याचा नवा पुरावा मिळेल. विश्वात पदार्थ उरला आणि प्रतिपदार्थ कुठे गेला, या कोड्याचा धागा त्यातून हाती लागेल अशी आशा आहे.

प्रयोग मोजतो अख्खा अणू. आपल्याला हवा असतो आतला इलेक्ट्रॉन किंवा अणुकेंद्रक. मधलं अंतर संगणकानेच कापावं लागतं, आणि माझ्यासारख्या प्रोग्रॅमरला खरी गंमत तिथेच वाटते. शिफ यांनी १९६३ मध्ये दाखवलं होतं की साध्या हिशेबात अणू बाहेरचं विद्युतक्षेत्र आत पोचूच देत नाही. जड अणूंत मात्र इलेक्ट्रॉन इतके वेगाने धावतात की सापेक्षता आड येते आणि परिणाम उलट वाढतो. किती पट, हे गणिताने काढायचं.

बर्कलेच्या थॅलियम प्रयोगाने (२००२) ही वाढ ५८५ पट धरली होती. २०११ मध्ये भारतीय संशोधकांच्या एका गटाने कपल्ड क्लस्टर पद्धतीने उत्तर काढलं ४६६. प्रयोग तोच, आकडे तेच, पण इलेक्ट्रॉनच्या ईडीएमची मर्यादा तेवढ्याने सुमारे पाव हिश्शाने सैल झाली! पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाचं उत्तर आलं ५७३. थॅलियमचा बाहेरचा एकच इलेक्ट्रॉन वेगळा धरायचा की तीन, इथे दोघांच्या वाटा फुटल्या होत्या. ८१ इलेक्ट्रॉन, प्रत्येक जण बाकी ८० जणांना ढकलतोय. कुठेतरी काटछाट करावीच लागते.

मग उत्तर आधी माहीत नसताना प्रोग्रॅम तपासायचा कसा? आमच्या ऑफिसात टेस्ट केस लिहितात, तसंच इथेही. त्याच प्रोग्रॅमने अणूच्या ऊर्जापातळ्या काढायच्या, विद्युतक्षेत्रात तो किती ताणला जातो ते काढायचं, आणि प्रयोगशाळेत मोजलेल्या आकड्यांशी ताडून बघायचं. हे जुळलं तरच ईडीएमच्या आकड्यावर भरवसा. माझ्या मते कागदावरच्या सूत्रापेक्षा या तपासणीलाच जास्त मान द्यायला हवा.

असं काम आपल्या बडोद्यापासून शंभरेक किलोमीटरवर, अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीतही चालतं. विक्रम साराभाईंच्या नावाचा ‘विक्रम-१००’ हा महासंगणक तिथे २०१५ मध्ये आला.

अमेरिकेतल्या आरगॉन प्रयोगशाळेत आता रेडियम-२२५ ची पाळी आहे. त्याचं केंद्रक नासपतीसारखं, त्यामुळे पाऱ्यापेक्षा शेकडो पट मोठा परिणाम अपेक्षित आहे. पण त्याचं अर्धायुष्य जेमतेम १५ दिवस, आणि इलेक्ट्रॉन ८८.