डोंगरातील सोने आणि माणसांची हाडे

अमेरिकेतील ॲरिझोना संस्थानाच्या वाळवंटात ‘सुपरस्टिशन’, म्हणजे भोळी समजूत, या नावाचा डोंगर आहे; आणि ते नाव त्याने सार्थ केले आहे! जेकब वॉल्ट्झ हा जर्मन गृहस्थ १८९१ साली फीनिक्स येथे वारला. त्या डोंगराच्या कपारींत त्याची सुवर्णखाण दडलेली आहे, अशी वदंता उठली. त्याची शुश्रूषा करणाऱ्या बाईने पुढच्याच वर्षी शोध केला, पण हाती काही लागले नाही. नकाशांना मात्र गिऱ्हाईक अखंड मिळत आले. १९३१ च्या उन्हाळ्यात ॲडॉल्फ रूथ हा वृद्ध मनुष्य नकाशे घेऊन तेथे शिरला. डिसेंबरात त्याची कवटी सापडली. २०१० च्या जुलैत तिघे गेले, तेही जिवंत परतले नाहीत. तेथील खडक ज्वालामुखीचा. त्यात सोन्याचा संभव अल्प, असे भूगर्भवेत्ते सांगतात. १९८४ पासून तेथे नवी खाण काढण्यास कायद्याने मनाई आहे. तथापि पायथ्याच्या सरकारी उद्यानास नाव मात्र ‘हरवलेल्या डचमना’चे, म्हणजे याच वॉल्ट्झचे! एका हाताने बंदी व दुसऱ्याने आमंत्रण, हा न्याय आम्हांस उमगत नाही. निदान त्या उद्यानाच्या दाराशी मृतांची यादी तरी लावावी.