पावसाळ्यातील सायकलप्रवास व शाळा

दीर्घ पल्ल्याच्या सायकलप्रवासात नाशिकचे नाव सुपरिचित आहे. २०१५ साली नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० कि.मी.ची शर्यत नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. त्यांच्यासोबत साहाय्यकांचे पथक होते. भर पावसात चार-सहा किलोमीटरवरून शाळेस येणाऱ्या मुलासोबत असे पथक नसते. त्याचा प्रवास निर्विघ्न व्हावा यासाठी लागणारे ज्ञान त्यास शाळेतच मिळावयास हवे.

पहिली गोष्ट ब्रेकची. चाकाची कड ओली झाली म्हणजे ती व ब्रेकचे रबर यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर राहतो. ब्रेक दाबल्यावर आरंभीचे काही फेरे केवळ हे पाणी पुसण्यात जातात. नंतर पकड एकाएकी बसते आणि चाक घसरण्याचा संभव असतो. यास्तव उतार लागण्यापूर्वीच दोन्ही ब्रेक हलके दाबून कड पुसून घ्यावी, वेग कमी ठेवावा व पुढील वाहनापासून अधिक अंतर राखावे. शाळेच्या पटांगणात एकदा कोरड्या व एकदा ओल्या चाकाने, सारख्याच संथ वेगाने सायकल थांबवून दोन्ही अंतरे मुलांकडून मोजवून घ्यावीत. घर्षणाचा पाठ त्यांच्या कायमचा लक्षात राहील.

दुसरी गोष्ट रस्त्याची. पहिल्या सरीने डांबरी रस्त्यावरील तेल व धूळ ओली होऊन रस्ता निसरडा होतो. काळ्या मातीचा चिखल मडगार्डमध्ये भरून चाक अडकते. अशा वेळी उतरून चिखल काढावा, जोराने पायडल मारू नये. घोंगडीच्या खोळीमुळे बाजूचे दिसत नाही व मागील वाहनाचा आवाजही नीट येत नाही. त्यापेक्षा उजळ रंगाचा, अंगाबरोबरचा रेनकोट बरा.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. इगतपुरीस वर्षाकाठी सुमारे ३,००० मि.मी. पाऊस पडतो, नाशिक शहरी सुमारे ७०० मि.मी. आणि पूर्वेकडील येवले तालुक्यात त्याहूनही कमी. परंतु गोदावरी, दारणा व कादवा पश्चिमेकडील डोंगराळ भागातून निफाडकडे वाहत येतात. त्यामुळे निफाडास ऊन पडलेले असतानाही वरच्या पावसाने नदी चढू शकते. ओढ्यानाल्यांचेही तसेच आहे. आकाश निरभ्र आहे म्हणून फरशी सुरक्षित आहे, असे मानणे चुकीचे ठरते. वेगाने वाहणारे पाणी वीतभर खोल असले तरी मोठ्या माणसाचे पाय उखडू शकते. सायकल हाती असल्यास प्रवाहाला अडण्यास अधिकच जागा मिळते. शिवाय गढूळ पाण्याखाली फरशी शाबूत आहे की खचली आहे, हे कळत नाही.

पाणी ओलांडण्याचे धाडस मूल बहुधा हौसेने करीत नाही; हजेरी चुकेल, उशीर झाल्याबद्दल बोलणी बसतील, या भीतीने करते. म्हणून पावसाळ्याच्या आरंभीच शिक्षकांनी वर्गात स्पष्ट सांगावे की, फरशीवर पाणी असेल तर परत फिरावे. त्या दिवशीचा उशीर अथवा गैरहजेरी हा दोष मानला जाणार नाही. हीच गोष्ट पालकांच्या सभेतही सांगावी. आणि मुलांसमोर स्वतः शिक्षकानेही वाहत्या पाण्यात सायकल घालू नये. कारण मुले ऐकतात त्याहून पाहतात अधिक.