कागदावर उलगडणारे रंग

महाशिवरात्रीच्या सुमारास जुन्या हुबळीत सिद्धारूढ मठाची रथयात्रा भरते. अशा कोणत्याही यात्रेत मुलांची नजर प्रथम वळते ती गुलाबी ‘म्हातारीच्या केसां’कडे. तो गुलाबी रंग मान्य खाद्यरंगाचा, की कापड रंगविण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ऱ्होडामीन-बी या निषिद्ध द्रव्याचा, हे डोळ्यांना ओळखता येत नाही आणि जिभेलाही नाही. हा निवाडा गाळणकागदाची एक साधी पट्टी करू शकते.

या पद्धतीस कागदी वर्णलेखन म्हणतात. कॉन्स्डेन, गॉर्डन व मार्टिन या इंग्रज शास्त्रज्ञांनी ती १९४४ साली प्रसिद्ध केली. पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत के. व्ही. गिरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्तुळाकार कागदावर तिचा विकास केला.

तिचे तत्त्व असे : कागदाच्या तंतूंत पाण्याचा अंश धरलेला असतो. पट्टीच्या खालच्या टोकाजवळ रंगाचा ठिपका देऊन ते टोक, ठिपका न बुडेल अशा बेताने, योग्य द्रावकात ठेवतात. दिव्याच्या वातीत तेल चढावे तसा द्रावक कागदातून वर चढतो. ज्या रंगास द्रावकाची ओढ अधिक, तो दूरवर जातो. ज्यास पाण्याची ओढ अधिक, तो मागे रेंगाळतो. एकत्र मिसळलेले रंग अशा रीतीने वेगळे होतात. द्रावक १० सेंटिमीटर चढला व ठिपका ६ सेंटिमीटर गेला, तर त्याचा गतिगुणक ०.६ होय.

परंतु एवढ्यावर कोणास दोषी ठरविणे न्यायाचे नव्हे. दोन भिन्न रंगांचा गतिगुणक योगायोगाने सारखा येऊ शकतो. म्हणून त्याच कागदावर शेजारी शुद्ध, परिचित रंगाचा ठिपका ठेवून तुलना करतात आणि द्रावक बदलून पुन्हा पडताळा घेतात. शिवाय, रंग कोणता हे कागद सांगतो. तो किती आहे, हे मोजण्यासाठी आज अधिक सूक्ष्म उपकरणे वापरतात.

ही परीक्षा किती निकडीची आहे, हे मार्च २०२४ मध्ये दिसून आले. कर्नाटक शासनाने तपासलेल्या ‘म्हातारीच्या केसां’च्या २५ नमुन्यांपैकी १५ असुरक्षित ठरले आणि कृत्रिम रंग घातलेल्या या मिठाईवर राज्यभर बंदी आली. बिनरंगी, पांढऱ्या मिठाईस मात्र मोकळीक राहिली. गोडी साखरेची असते, रंगाची नव्हे, एवढे ध्यानी धरून मुलाच्या हाती पांढरा पुडाच देणे शहाणपणाचे.