गांडुळें कां पळतात ?

सन २०१८ मध्यें नारेगांवच्या ग्रामस्थांनीं आपल्या शहराचा कचरा घेण्यास नकार दिला, आणि तो कित्येक आठवडे रस्त्यांवर साचून राहिला. घरचा ओला कचरा घरींच जिरवावा, हा धडा आपणांस तेव्हां मिळाला. त्यासाठीं पुष्कळ जण कुंडींत गांडुळें पाळतात. परंतु कधीं कधीं तीं झाकणाकडे चढूं लागतात, आणि आपण त्यांसच दोष देतों.

गांडुळास फुप्फुसें नसतात. तें ओलसर त्वचेनें श्वास घेतें. पाणी फार झालें कीं हवा खुंटते. लिंबाच्या साली फार पडल्या कीं आंबटपणा वाढतो. ताजा कचरा एकदम पुष्कळ घातला कीं तो कुजतांना तापतो. सुमारें ३५ अंशांपुढील उष्णता त्यांस सोसत नाहीं. आपला मे महिना तर ४० अंश ओलांडतो. म्हणून सुकीं पानें अथवा कागदाचे तुकडे मिसळावे, कचरा थोडा थोडा घालावा, कुंडी सावलींत ठेवून वर ओलें गोणपाट पसरावें.

विद्यार्थिमित्रहो, देवाच्या सृष्टींतील या मुक्या जीवास तक्रार करतां येत नाहीं. तो केवळ निघून जातो. त्याचें निघून जाणें हेंच त्याचें बोलणें समजावें, आणि प्रथम आपली कुंडी तपासावी.