धावपळ थांबली, पण चंचलता गेली का?

वर्गात बाक सोडून फिरणारे, दुसऱ्याचे बोलणे मध्येच तोडणारे मूल पाहिले की वडीलधारी माणसे म्हणतात, "मोठा झाला की बसेल जाग्यावर." साध्या खोडकरपणाबाबत हे खरे ठरते. परंतु डॉक्टर ज्याला अतिचंचलतेचा विकार म्हणतात, त्याबाबत ते अर्धेच खरे आहे.

पूर्वी डॉक्टरांचाही समज असाच होता. १९६८ सालच्या अमेरिकेतील मनोविकारांच्या अधिकृत सूचीत हा विकार वयात येताना बहुधा ओसरतो, असे नमूद होते. पुढे कॅनडातील माँट्रिअल येथे डॉ. गॅब्रिएल वाइस व डॉ. लिली हेक्टमन यांनी अशा मुलांची ती मोठी होईपर्यंत पाहणी केली. तेव्हा पुष्कळांच्या अडचणी टिकून असल्याचे आढळले.

वयात येताना धावणे, चढणे कमी होते. आतली बेचैनी मात्र राहते. लक्ष लागत नाही, वस्तू हरवतात, हाती घेतलेले काम अर्धवट राहते, मागचापुढचा विचार न करता कृती होते. त्याच सुमारास शाळेत विषय वाढतात आणि अभ्यासाची आखणी स्वतःच करावी लागते. म्हणून सातवीपर्यंत निभावलेला मुलगा नववीत मागे पडतो आणि आळशी ठरतो. मुलींमध्ये धावपळ मुळातच कमी दिसत असल्याने त्यांचा त्रास पुष्कळदा ध्यानातच येत नाही.

पालकांनी पुढील गोष्टी पाळाव्यात :

१) एका वेळी एकच काम सांगावे, मोठ्या कामाचे लहान भाग पाडून द्यावेत.

२) रोजची कामे व परीक्षेच्या तारखा भिंतीवर लिहून लावाव्यात.

३) झोप व खेळ यांत काटकसर करू नये.

४) अशा मुलांना तंबाखूचे व्यसन लागण्याचा आणि वाहन चालवताना अपघाताचा धोका अधिक असतो. मारझोड न करता त्यांवर नजर ठेवावी.

५) औषध चालू असल्यास "आता मोठा झाला" म्हणून परस्पर बंद करू नये, डॉक्टरांना विचारावे.

हा विकार पुष्कळ अंशी आनुवंशिक आहे. तो लाडाचा किंवा वाईट वळणाचा परिणाम नव्हे. निदान उशिरा झाले तरी उपचाराचा उपयोग होतो. मात्र लक्षणे बाराव्या वर्षाआधीपासून होती काय, हे डॉक्टर विचारतात. यासाठी शिक्षकांचे शेरे असलेली जुनी प्रगतिपुस्तके जपून ठेवावीत व तपासणीला जाताना सोबत न्यावीत.