ऊर्जेचे मोजमाप : ओल्या मातीचा प्रयोग

उंचीवर धरलेल्या वस्तूच्या ठायी स्थितिज ऊर्जा असते. वस्तू खाली पडताना तिचे गतिज ऊर्जेत रूपांतर होते. हे पडताळण्यास महागड्या उपकरणांची आवश्यकता नाही. तराजू, मोजपट्टी, लोखंडी गोळा, बारीक वाळू व परातभर ओली चिकणमाती एवढे साहित्य पुरेसे होय.

१०० ग्रॅमचा गोळा मातीपासून प्रथम ५० सेंटिमीटर व नंतर २ मीटर उंचीवरून सोडावा. वस्तुमान, गुरुत्वीय त्वरण व उंची यांच्या गुणाकाराने ऊर्जा अनुक्रमे ०.४९ व १.९६ ज्यूल येते. आदळतानाचा वेग मात्र सेकंदास सुमारे ३.१ मीटरवरून ६.३ मीटर, म्हणजे दुप्पटच होतो. दोन्ही खळग्यांत वाळू भरून ती तोलावी. दुसऱ्यातील वाळू सुमारे चौपट भरते. १७२२ च्या सुमारास डच शास्त्रज्ञ ग्राव्हेसांडे यांनी पितळी गोळ्यांच्या साहाय्याने हेच दाखविले होते.

वेग दुप्पट, तर ऊर्जा चौपट. ताशी ३० ऐवजी ६० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या वाहनासही हाच नियम लागू पडतो. ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंत त्यास सुमारे चौपट अंतर लागते. शाळेसमोरील वेगमर्यादेचे मर्म विद्यार्थ्यांना या खळग्यांतून सहज उमगेल.