'वय झालं, म्हणून मोडलं'

मूर्तिजापूरकडच्या एखाद्या गावात सत्तरीचा माणूस वावराच्या धुऱ्यावर घसरतो, खुबा मोडतो आणि घरचे म्हणतात, 'वयच झालं होतं.' त्याच्या गोळ्यांच्या डब्याकडे कुणी पाहत नाही. हाडं ठिसूळ होणं हा बायकांचा आजार, असं मनात पक्कं बसलेलं असतं. प्रत्यक्षात जगभरात पन्नाशीनंतर सुमारे पाचातल्या एका पुरुषाचं हाड ठिसूळपणापायी मोडतं. खुबा मोडल्यावर वर्षभरात दगावण्याचं प्रमाणही पुरुषांतच जास्त.

'बारीकशी तर गोळी, तिनं काय होतं?' स्टेरॉइडनं बरंच होतं. दम्यासाठी किंवा सांधेवातासाठी प्रेडनिसोलोन रोज चालू झालं, की हाडांची झीज पहिल्या काही महिन्यांतच सर्वांत वेगानं होते. साडेसात मिलिग्रॅमपेक्षा कमी मात्रेतही धोका वाढतो. बिननावाच्या पुडीनं दोन दिवसांत गुडघे मोकळे झाले, तर मला आधी शंका येते. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलं आहे. पण घाबरून गोळी एकदम सोडणं त्याहून वाईट. शरीरात स्वतःचं स्टेरॉइड बनणं मंदावलेलं असतं, रक्तदाब कोसळू शकतो. मात्रा डॉक्टरांनीच हळूहळू उतरवायची.

प्रोस्टेटची सगळी औषधं एकाच मापानं मोजू नयेत. लघवी मोकळी होण्यासाठीचं टॅम्सुलोसिन हाड पोखरत नाही. पण त्यानं रात्री बाजेवरून झटकन उठताना चक्कर येऊ शकते, माणूस पडतो. झोपेच्या गोळीनंही तोल जातो. कर्करोगासाठीच्या ल्युप्रोलाइड इंजेक्शनाची गोष्ट वेगळी. त्यानं टेस्टोस्टेरॉन घटतं आणि त्यापासून बनणारं, पुरुषाचंही हाड राखणारं इस्ट्रोजेनही घटतं. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात, निदानानंतर किमान पाच वर्षं जगलेल्यांपैकी असे उपचार घेतलेल्या 19.4 टक्के पुरुषांचं हाड मोडलं होतं. न घेतलेल्यांत 12.6 टक्के. म्हणून इंजेक्शन नाकारायचं नसतं, हाडांची तपासणी मागायची असते.

उन्हात राबणाऱ्याला ड जीवनसत्त्व कमी पडत नाही, हेही सरसकट खरं नाही. फिटसाठीचं फेनिटॉइन ते शरीरात लवकर संपवतं.

'कॅल्शियम चालू आहे ना, मग झालं,' हा समज मात्र चिवट. झीज जास्त असेल तर नुसतं कॅल्शियम पुरत नाही. डॉक्टर अनेकदा अ‍ॅलेंड्रोनेट देतात. ही गोळी आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि पुढे अर्धा तास आडवं व्हायचं नाही. चहासोबत घेतली तर ती अंगी लागत नाही.